मैत्रेय कुठला? एका लाकडी मूर्तीचा पत्ता शोधताना

क्योटो शहराच्या पश्चिमेला उझुमासा नावाचा भाग आहे. जपानी सिनेमावाल्यांना तो स्टुडिओंसाठी माहीत आहे. सामुराईपटांचे सेट, नकली गल्ल्या, तलवारी असं सगळं तिथे आहे. त्याच भागात कोर्युजी नावाचं एक जुनं बौद्ध मंदिर आहे, आणि त्या मंदिराच्या अंधाऱ्या संग्रहालयात एक लाकडी मूर्ती बसलेली आहे. बसलेली म्हणजे खरोखर बसलेली. एक पाय खाली सोडलेला, उजव्या पायाचा घोटा डाव्या गुडघ्यावर टेकवलेला, आणि उजव्या हाताची बोटं गालापर्यंत आलेली, पण गालाला न टेकलेली. ओठांवर हसू आहे की नाही, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं.

हा मैत्रेय. जपानी लोक त्याला मिरोकु म्हणतात. पुढे कधीतरी जन्माला येणारा बुद्ध. आत्ता तो फक्त विचार करतोय.

मूर्तीची एकूण उंची १२३.३ सेंटीमीटर. काळ साधारण सातव्या शतकाचा. १९५१ साली जपानने नव्या कायद्यानुसार राष्ट्रीय ठेव्यांची पहिली यादी जाहीर केली, तीत ही मूर्ती होती. शिल्पांमधला 'पहिल्या नंबरचा ठेवा' म्हणून ती आजही ओळखली जाते. शाळेच्या पुस्तकांत तिचा फोटो असतो. १९६० साली क्योटोच्या एका विद्यार्थ्याला तिला हात लावायचा मोह आवरला नाही आणि तिचं एक बोट तुटलं. तेव्हा देशभर हळहळ झाली. बोट नंतर जोडलं गेलं.

अडचण एकच आहे. या मूर्तीवर काहीही लिहिलेलं नाही. ना शिल्पकाराचं नाव, ना साल, ना दात्याचं नाव. त्यामुळे जपानी शिल्पकलेचा मुकुटमणी समजली जाणारी ही मूर्ती मुळात जपानची आहे का, हा प्रश्न पाऊणशे वर्षं झाली तरी विझलेला नाही.

कागद काय म्हणतात

मूर्ती बोलत नसेल तर इतिहासकार आधी कागदांकडे जातो. जपानचा जुना राजेतिहास 'निहोन शोकी' इसवी सन ७२० मध्ये पूर्ण झाला. त्यात आपल्या कामाच्या दोन नोंदी आहेत.

पहिली ६०३ सालची. राजपुत्र शोतोकु दरबारात विचारतो की, माझ्याकडे बुद्धाची एक मूर्ती आहे, तिची पूजा कोण करेल? हाता नो कावाकात्सु नावाचा सरदार पुढे येतो, मूर्ती घेतो आणि तिच्यासाठी मंदिर बांधतो. हेच पुढचं कोर्युजी, असं मानलं जातं.

दुसरी नोंद ६२३ सालची. कोरियातल्या सिल्ला राज्याकडून दूत येतात. सोबत एक बुद्धमूर्ती, सोन्याचा स्तूप आणि अस्थी-अवशेष आणतात. यातली मूर्ती हाता घराण्याच्या मंदिरात ठेवली जाते, बाकीच्या वस्तू दुसऱ्या मंदिरात जातात.

वाचून वाटतं, प्रश्न सुटला. पण नीट पाहा. दोन्ही नोंदींमध्ये मूर्ती लाकडाची की धातूची, उभी की बसलेली, मैत्रेयाची की शाक्यमुनीची, यातलं काहीच सांगितलेलं नाही. शिवाय कोर्युजीमध्ये चिंतनात बसलेले मैत्रेय दोन आहेत. दुसरा आकाराने लहान आहे, चेहऱ्यावर हसूऐवजी उदासी आहे, म्हणून त्याला लोक 'रडका मिरोकु' म्हणतात. मंदिराच्या नवव्या शतकातल्या मालमत्तेच्या यादीतही सोनेरी मैत्रेय दोन आहेत. मधल्या काळात मंदिराला मोठ्या आगी लागल्या, एक ८१८ साली आणि एक ११५० साली. म्हणजे नोंदी दोन, मूर्ती दोन, आणि कुठली नोंद कुठल्या मूर्तीची हे सांगणारा दुवा गायब.

जुळा भाऊ सोलमध्ये

कागद संपले की मग नजर. कला-इतिहासकाराचं हे जुनं हत्यार आहे. चेहरा, वस्त्रांच्या चुण्या, मुकुट, बसण्याची पद्धत यांची तुलना करायची आणि जवळचे नातेवाईक शोधायचे.

या मूर्तीचा नातेवाईक शोधायला फार कष्ट पडत नाहीत. सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात सोन्याचा मुलामा दिलेली एक कांस्यमूर्ती आहे. उंची सुमारे ९० सेंटीमीटर. कोरियाच्या राष्ट्रीय ठेव्यांच्या जुन्या यादीत तिचा क्रमांक ८३ होता. डोक्यावर तसाच साधा, तीन पाकळ्यांचा मुकुट. छाती तशीच उघडी. मांडीवरून उतरणारं वस्त्र तसंच. दोन फोटो शेजारी ठेवले तर कुणीही म्हणेल, हे जुळे भाऊ.

मग झालं की! लाकडी मूर्ती कोरियाची!

थोडं थांबू या. ही कांस्यमूर्ती १९१२ साली एका जपानी व्यापाऱ्याकडून विकत घेतली गेली. तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि जुन्या वस्तूंचा बाजार जोरात होता. मूर्ती नेमकी कुठल्या गावात, कुठल्या विहारात सापडली याची भरवशाची नोंद नाही. म्हणजे ज्या मूर्तीच्या आधारे आपण पत्ता शोधतोय, तिचाच पत्ता कच्चा आहे. ती सिल्लाची की शेजारच्या बेकजे राज्याची, यावरही बराच वाद झाला.

आणि शैली प्रवास करते. शिल्पकार बोटीत बसून जातात, नमुने घेऊन जातात, शिष्य तयार करतात. हे ध्यानच मुळात आपल्याकडचं. पाय दुमडून, बोट गालाशी नेऊन विचारात बसलेला बोधिसत्त्व गांधार शिल्पांत दिसतो. तिथून चीन, चीनमधून कोरिया, कोरियातून जपान. सोलमधल्या मूर्तीसारखी मूर्ती सोलजवळच घडली असेल असं नाही. सोलजवळ शिकलेल्या माणसाने ती क्योटोत घडवली असेल, तरी ती तशीच दिसेल.

भिंगाखालचं लाकूड

इथे गोष्टीत एक वेगळा माणूस येतो. ओहारा जिरो हे कला-इतिहासकार नव्हते, लाकूड-शास्त्रज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्यांनी जपानमधल्या जुन्या मूर्तींचं लाकूड तपासायला घेतलं. पुढे त्यांनी अशा शेकडो मूर्ती तपासल्या.

लाकूड ओळखतात कसं? वखारीतला जुना माणूस रंग, वास आणि वजन यावरून ओळखतो. पण चौदाशे वर्षं जुन्या, कधीकाळी सोनं चढवलेल्या मूर्तीचा वास घेऊन काही हाती लागत नाही. मग सूक्ष्मदर्शक. लाकडाच्या अगदी छोट्या तुकड्याचे तीन दिशांनी पातळ काप घ्यायचे. एक आडवा, खोडाच्या ओंडक्यासारखा. एक गाभ्यातून सालीकडे जाणारा. एक सालीला समांतर. प्रत्येक कापात पेशी वेगळ्या दिसतात आणि तिन्ही मिळून झाडाचा बोटांचा ठसाच तयार होतो.

सूचीपर्णी झाडांचं लाकूड बहुतेक एकाच प्रकारच्या लांबट पेशींचं असतं. त्यात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नळ्या नसतात. पाइनच्या लाकडात राळेच्या नळ्या दिसतात, जपानी सायप्रसमध्ये, म्हणजे हिनोकीत, त्या नसतात. कापराच्या झाडाचं लाकूड याहून पार वेगळं. ते रुंदपर्णी झाड, म्हणून आडव्या कापात नळ्यांची भोकं दिसतात, आणि तेलाने भरलेल्या खास पेशीही. त्या तेलामुळेच कापराला वास येतो आणि कीड दूर राहते.

ओहारांच्या तपासणीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. सातव्या शतकातल्या जपानी मूर्ती कापराच्या लाकडाच्या आहेत. नारा भागातल्या चुगुजी मंदिरात याच ध्यानातली दुसरी प्रसिद्ध मूर्ती आहे, ती कापराची. कोर्युजीतला 'रडका मिरोकु', तोही कापराचा. जपानी शिल्पकारांना हे झाड आवडावं यात नवल नाही. ते उबदार किनारी भागात प्रचंड वाढतं, कोरायला बरं आणि सुगंधी. 'निहोन शोकी'तच एक कथा आहे. ५५३ साली समुद्रात कापराचा एक ओंडका प्रकाश फाकत तरंगताना दिसला आणि राजाने त्याच्या दोन बुद्धमूर्ती करवल्या. बुद्धाची पहिली मूर्ती कौशांबीच्या उदयन राजाने चंदनात घडवली, अशी जुनी समजूत बौद्ध जगात सगळीकडे पसरली होती. जपानमध्ये चंदन उगवत नाही. सुगंधी कापूर हा त्याचा स्थानिक पर्याय असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

आणि मग कोर्युजीचा तो मोठा मैत्रेय. त्याचं लाकूड कापराचं नव्हतं. ते लाल पाइनचं निघालं.

लाल पाइन म्हणजे कोरियाचं जणू घरचं झाड. डोंगर त्याने भरलेले, घरं त्याचीच. ओहारांनी १९५१ साली हे निष्कर्ष छापले. ज्या वर्षी जपानने या मूर्तीला राष्ट्रीय ठेवा म्हटलं, त्याच वर्षी. कागदात 'सिल्लाहून आलेली मूर्ती', सोलमध्ये जुळा भाऊ आणि आता कोरियाचं लाकूड. तीन धागे एका दिशेने ओढत होते.

नाव परदेशी, लाकूड घरचं

लाकडाने दुसऱ्या बाजूनेही धक्के दिले, हे सांगितलं नाही तर गोष्ट एकतर्फी होईल.

होर्युजी मंदिरात गुझे कान्नोन नावाची मूर्ती आहे, साधारण माणसाच्या उंचीची. शतकानुशतकं ती कापडात गुंडाळून कुलुपात ठेवलेली होती. १८८० च्या दशकात अमेरिकन अभ्यासक अर्नेस्ट फेनोलोसा आणि त्याचा तरुण सहकारी ओकाकुरा यांनी सरकारी परवाना दाखवून ती उघडायला लावली. भिक्षू घाबरले होते, मूर्ती उघडली तर अनर्थ होईल असं त्यांना वाटत होतं. फेनोलोसाने लिहून ठेवलंय की सुमारे ५०० वार कापड निघालं. आतला चेहरा पाहून तो म्हणाला, ही कोरियाची कला. नजर तयार होती त्याची. पण लाकूड कापराचं आहे, आणि आज ती जपानमध्येच घडली असं बहुतेक अभ्यासक मानतात.

त्याच मंदिरात कुदारा कान्नोन आहे. उंच, सडपातळ, दोन मीटरहून मोठी. 'कुदारा' म्हणजे कोरियातलं बेकजे राज्य. ती परदेशातून आली अशी मंदिरातली दंतकथा. पण सतराव्या शतकाच्या अखेरीपूर्वी तिची स्पष्ट नोंद सापडत नाही, आणि लाकूड पुन्हा कापराचंच.

म्हणजे नावात कोरिया असलेली मूर्ती बहुधा जपानची, आणि जपानचा पहिला ठेवा बहुधा कोरियाचा!

'बहुधा' या शब्दाचं काय करायचं

हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कारण लाकडाने दिलेला पुरावा जेवढा दिसतो तेवढा पक्का नाही.

पहिली गोष्ट, लाल पाइन जपानमध्येही भरपूर उगवतं. सूक्ष्मदर्शक झाडाची जात सांगतो, त्याचा देश सांगत नाही. पाइन आहे म्हणून कोरिया, हा तर्क खरं तर असा आहे: त्या काळच्या इतर जपानी मूर्ती पाइनच्या नाहीत, म्हणून ही जपानची नसावी. यात ताकद आहे, पण ती उरलेल्या मूर्तींच्या संख्येवर अवलंबून आहे. आगी, भूकंप, युद्धं यांतून जे वाचलं तेवढंच आपल्यासमोर आहे. जळून गेलेल्या मूर्ती कुठल्या लाकडाच्या होत्या, हे कोण सांगणार?

दुसरी गोष्ट याहून अवघड. सातव्या शतकातल्या कोरियन लाकडी मूर्ती कोरियात उरल्याच नाहीत. तिथल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या लाकडी बुद्धमूर्तींपैकी हेइन्सा मंदिरातल्या मूर्तीत २००५ साली लेख सापडला, तो ८८३ सालचा. म्हणजे दोनशे-अडीचशे वर्षं नंतरचा. त्यामुळे 'कोरियन शिल्पकार मूर्तीसाठी पाइन वापरायचे' हे थेट दाखवायला एकही समकालीन कोरियन मूर्ती नाही. तराजूच्या एका पारड्यात कापराच्या मूर्ती आहेत, दुसरं पारडं रिकामं आहे.

तिसरी गोष्ट १९६८ साली पुढे आली. मूर्ती तडकू नये म्हणून आतून पोकळ केलेली आहे आणि पाठीला फळी बसवलेली आहे. लक्षात आलं की ही फळी पाइनची नाही, कापरासारख्या रुंदपर्णी लाकडाची आहे. शिवाय ती नंतरच्या दुरुस्तीतली वाटत नाही, मूळचीच दिसते. आता काय? पुढचं अंग कोरियाचं आणि पाठ जपानची? पाइनचा ओंडका बोटीतून आला आणि जपानमध्ये कोरला गेला? की क्योटोजवळच्या एखाद्या शिल्पकाराने हाताशी होतं ते लाकूड घेतलं? प्रत्येक शक्यतेच्या बाजूने कुणी ना कुणी लिहिलेलं आहे.

या सगळ्यात मला सर्वांत वजनदार वाटतो तो पुरावा दगडाचा आहे. १९६५ साली कोरियाच्या बोंगह्वा भागात एक मोठी दगडी मूर्ती सापडली. फक्त कमरेखालचा भाग उरलेला, पण बैठक तीच. एक पाय खाली, दुसरा गुडघ्यावर. हा भाग जुन्या सिल्ला राज्यातला. कांस्यमूर्ती खिशात नाही तरी पेटीत घालून नेता येते, एवढा मोठा दगड कुणी सहज हलवत नाही. सिल्लात या ध्यानातल्या मोठ्या मूर्ती घडत होत्या, एवढं त्याने पक्कं केलं, आणि ६२३ सालच्या नोंदीला वजन आलं.

शास्त्रही पाऊल मागे घेतं

लाकडाच्या तपासणीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, याचं उदाहरण ओहारांच्याच कामात आहे. आठव्या शतकानंतरच्या एकाच ओंडक्यातून कोरलेल्या मूर्ती त्यांनी हिनोकीच्या ठरवल्या होत्या. अनेक वर्षं पुस्तकांत तेच छापलं जात होतं. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून दुसऱ्या गटाने अशा मूर्ती पुन्हा तपासल्या, तर त्यातल्या बऱ्याच 'काया' नावाच्या वेगळ्या सूचीपर्णी झाडाच्या निघाल्या.

यातून ओहारांचं काम लहान होत नाही. प्रश्न लाकडाला विचारता येतो, हे त्यांनीच शिकवलं. पण 'लॅबने सांगितलं' म्हणजे विषय संपला असं नसतं. कार्बनची तपासणी झाडाचं वय सांगते, घडवण्याची जागा नाही. पेशी झाडाचं कुळ सांगतात, शिल्पकाराचं नाही.

प्रश्न कुणाचा आहे

एवढ्या बारीक तपशिलांवर लोक इतके का भांडतात? कारण हा फक्त लाकडाचा प्रश्न कधीच नव्हता.

१९१० ते १९४५ जपानने कोरियावर राज्य केलं. कोरियन भाषा, नावं, वस्तू, सगळ्यावर त्या काळाच्या खुणा आहेत. अशा वेळी जपानी सौंदर्याचं प्रतीक म्हणून जगाला दाखवलेली मूर्ती कोरियन हातांनी घडवली असेल, तर कोरियन माणसाच्या मनात काय येईल याची कल्पना आपण करू शकतो. आपल्याकडच्या किती वस्तू परक्या संग्रहालयांत आहेत, हे आठवलं तरी पुरे. आणि जपानी माणसाला हे मान्य करताना आपल्या पाठ्यपुस्तकातलं एक पान फाडल्यासारखं वाटलं, तर तेही समजण्यासारखं आहे.

पण सातव्या शतकात परत जाऊन पाहिलं की हे भांडण विचित्र वाटू लागतं. मूर्ती घेणारा हाता नो कावाकात्सु कोण होता? हाता घराणं हे बाहेरून येऊन जपानमध्ये स्थिरावलेलं घराणं. त्यांची मुळं अभ्यासक कोरियन द्वीपकल्पात शोधतात. रेशीम आणि विणकाम यांच्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. क्योटोचं खोरं राजधानी होण्याआधी त्यांनीच वसवलं. समजा ही मूर्ती क्योटोत, त्यांच्या आश्रयाने, सिल्लाहून आलेल्या कारागिराने, बोटीतून आलेल्या पाइनच्या ओंडक्यातून, कापराची फळी लावून घडवली. तर ती कुठल्या देशाची? तेव्हा ना आजचा जपान होता ना आजचा कोरिया. कोरियात आपसात लढणारी तीन राज्यं होती. 'देश कोणता' या रकान्यात भरायला त्या शिल्पकाराकडेही बहुधा उत्तर नसतं.

२०१६ साली एक छान गोष्ट झाली. चुगुजीची कापराची मूर्ती आणि कोरियाची एक चिंतनमग्न कांस्यमूर्ती, जुन्या यादीतली क्रमांक ७८, एकाच दालनात समोरासमोर ठेवल्या गेल्या. आधी सोलमध्ये, मग टोकियोत. कोण थोरला, कोण धाकटा, हे ठरवण्याऐवजी लोकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

म्हणून मग 'पत्ता शोधू नये' का? मला तसं वाटत नाही. पत्ता शोधायला हवाच, कारण न शोधता दिलेलं उत्तर नेहमी ताकदवान माणसाच्या बाजूचं असतं. ओहारांनी लाकडाचा तुकडा काचेखाली ठेवला नसता तर 'जपानी कलेचा नमुना' एवढ्यावरच विषय मिटला असता. सिल्लातले कारागीर पुन्हा एकदा निनावी राहिले असते.

तुमच्या घरात, आजोळच्या माळ्यावर किंवा जुन्या बाजारात एखादी शिक्का नसलेली लाकडी मूर्ती सापडली तर हीच रीत उपयोगी पडेल. फोटो सर्चवर टाकून पहिलं नाव उचलू नका. लाकूड कुठलं आहे ते विचारा, आणि ते झाड आणखी कुठे उगवतं तेही विचारा. पाठ बघा, तळ बघा, पुढच्यापेक्षा मागे जास्त खरं असतं. तिच्यासारखी दुसरी मूर्ती मिळाली तर त्या दुसरीचा पत्ता पक्का आहे का ते तपासा. आणि कुणी छातीठोकपणे एका शब्दात उत्तर दिलं, तर ते उत्तर त्याच्या सोयीचं आहे का, हेही एकदा बघा.

माझ्यापुरतं सांगायचं तर सिल्लाचं पारडं जड आहे. दगड, कागद आणि पाइन तिकडे झुकतात. कापराची फळी मात्र अजून आपल्या जागी आहे, आणि तिला बाजूला सारून पुढे जाता येत नाही.